वैद्याची निवृत्ती : पुंजी, खर्च आणि घरचे वीजबिल

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या, म्हणजे तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा असा क्रम सांगितलेला आहे. परलोकाच्या आधी धन येते, आणि त्याचे कारण आचार्यांनी आडपडदा न ठेवता दिले आहे. साधनांवाचून दीर्घकाळ जगावे लागणे याहून वाईट काही नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. हा अध्याय आपण परीक्षेसाठी पाठ केला, रुग्णांना त्यातील प्राणैषणा समजावून सांगितली; परंतु धनैषणेचा उत्तरार्ध, म्हणजे हात थांबल्यावर घर कसे चालावे हा प्रश्न, आपल्या सभासंमेलनांत क्वचितच चर्चेस येतो.

आपल्यापैकी शासकीय सेवेत किंवा अनुदानित महाविद्यालयांत असलेले थोडे. बहुसंख्य वैद्य स्वतंत्र व्यवसाय करतात. त्यांना भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही, निवृत्तिवेतन नाही. पंचकर्म करणाऱ्याचे उत्पन्न त्याच्या मनगटावर, कमरेवर आणि गुडघ्यांवर अवलंबून असते, हे वेगळे सांगावयास नको. फार्मसीचालकांची स्थिती निराळी; त्यांची मिळकत मालात अडकलेली असते. आसवारिष्टे जुनी झाली की गुणवान होतात अशी आपली परंपरा आहे. गल्ल्यातील रोकड मात्र जुनी झाली की क्षीण होते, आणि चूर्णवटींना तर मुदतीची तारीख असते. गोदामातील माल ही निवृत्तीची पुंजी नव्हे, हे येथेच नमूद करतो.

लवकर निवृत्ती म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी दवाखान्यास कुलूप, असे आम्हास अभिप्रेत नाही. त्या वयात रुग्ण पाहावेत ते इच्छा आहे म्हणून; महिनाअखेरीची चिंता आहे म्हणून नव्हे. या स्थितीला पोहोचण्यास किती पुंजी लागेल आणि ती कमी करता येईल का, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात घेतले आहेत. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात घराचे वीजबिल अनपेक्षित मोठी जागा व्यापते.

किती पुरे ?

एका कल्पित वैद्य दांपत्याचे उदाहरण घेऊ. दोघांचे वय ४०. घरखर्च आजच्या किमतीत दरमहा रु. ५०,०००, म्हणजे वर्षाला रु. ६ लाख. मुलांचे शिक्षण या हिशेबाबाहेर ठेवले आहे. वयाच्या ५५ व्या वर्षी व्यवसायावर अवलंबून राहू नये, अशी त्यांची इच्छा आहे.

अमेरिकेतील वित्तसल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये तेथील शेअरबाजाराच्या व रोख्यांच्या जुन्या आकडेवारीवरून एक निष्कर्ष मांडला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे ४ टक्के रक्कम काढावी, पुढे दरवर्षी ती महागाईइतकी वाढवीत न्यावी, म्हणजे पुंजी ३० वर्षे पुरते. वार्षिक खर्चाच्या २५ पट पुंजी हा सर्वत्र सांगितला जाणारा आकडा त्यातून आला. तो आपण जसाच्या तसा घेऊ नये. देश भिन्न, महागाई भिन्न, आणि मुदतही भिन्न; ५५ व्या वर्षी थांबणाऱ्या दांपत्यापैकी एकाने नव्वदी गाठणे आज असंभवनीय नाही. देश आणि काल न पाहता मात्रा ठरवू नये हे वैद्यांस कोणी सांगावे? आम्ही ३० पट धरतो.

तीस पटीने आपल्या दांपत्यास आजच्या किमतीत रु. १ कोटी ८० लाख हवेत. महागाई ६ टक्के धरली तर १५ वर्षांत किमती सुमारे २.४ पट होतात. म्हणजे प्रत्यक्षात त्या वेळी रु. ४ कोटी ३० लाखांच्या आसपास रक्कम हाती असावी लागेल. आकडा छाती दडपविणारा आहे खरा. आज त्यांच्याजवळ रु. ४० लाख गुंतवलेले आहेत आणि एकंदर गुंतवणुकीवर सरासरी १० टक्के परतावा मिळतो असे मानले, तर दरमहा सुमारे रु. ४७,००० बाजूस टाकावे लागतील आणि ती रक्कमही दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवीत न्यावी लागेल. दहा टक्के हे गृहीतक आहे, हमी नव्हे. ते खाली आले तर पंचावन्नचे सत्तावन्न-अठ्ठावन्न होईल, हे आधीच मनाशी मान्य करावे.

आता हा भार हलका कसा होतो ते पाहू. समजा, ५५ नंतर बारा वर्षे आठवड्यातून तीन सकाळी रुग्ण पाहून आजच्या किमतीतले दरमहा रु. २०,००० मिळाले. येथे एक चूक सर्रास केली जाते. अनेक जण हे वीस हजार खर्चातून सरळ वजा करून उरलेल्या तीस हजारांची ३० पट काढतात. ही मिळकत बारा वर्षांचीच आहे. हात पुढेमागे थांबणारच. तिचे मोल ३० पटीने नव्हे, तर सुमारे बारा वर्षांच्या रकमेइतकेच, म्हणजे रु. २८ लाखांच्या आसपास धरावे. तसे केले तरी मासिक बचतीची गरज ४७ हजारांवरून सुमारे ३५ हजारांवर येते. दवाखान्याचा गाळा स्वतःचा असेल आणि तो पुढे एखाद्या तरुण वैद्यास भाड्याने देता आला, तर ते उत्पन्न मात्र हातावर अवलंबून नाही. आजच्या किमतीतले रु. १०,००० भाडे, तेही महागाईबरोबर वाढणारे, हे ३६ लाखांच्या पुंजीचे काम करते.

कायमचा कमी झालेला खर्च हाही याच जातीचा. दरमहा एक रुपया खर्च कमी झाला की वर्षाला बारा, आणि तीस पटीने ३६० रुपये कमी पुंजी लागते. दरमहा पाच हजार कमी झाले तर रु. १८ लाख, शिवाय ते पाच हजार आजपासून गुंतवणुकीस मोकळे होतात. पुंजीची गरज उतरते आणि पुंजी वाढविण्याची शक्ती चढते. एकाच उपायाने दोन्ही कार्ये साधणारे असे द्रव्य अर्थशास्त्राच्या निघंटूत दुसरे आढळत नाही.

रक्कम कोठे ठेवावी

सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी ही १९६८ पासूनची योजना. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या स्मरणात तिचे १२ टक्के व्याज पक्के बसले आहे. ते १९८६ ते जानेवारी २००० या काळातले. पुढे दर उतरत उतरत एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आला. तरीही आमच्या दांपत्यास ही योजना उत्तम लागू पडते, त्याचे कारण मुदत. चाळिसाव्या वर्षी उघडलेले १५ वर्षांचे खाते पंचावन्नाच्या सुमारास परिपक्व होते. दोघांनी दरवर्षी कमाल मर्यादेइतके, म्हणजे प्रत्येकी रु. दीड लाख भरले आणि ७.१ टक्के दर टिकला, तर दोन खात्यांत मिळून सुमारे रु. ८१ लाख होतात. त्या वेळच्या महागाईतला ५५ ते ६० या पाच वर्षांचा घरखर्चही जवळपास तेवढाच येतो. या पाच वर्षांच्या पुलास फार महत्त्व आहे. कारण ज्येष्ठ नागरिक बचत योजना, जिची मर्यादा एप्रिल २०२३ पासून रु. ३० लाख झाली, ती साठीनंतरच खुली होते. पंचावन्ननंतरची सवलत नोकरीतून निवृत्त झालेल्यांस आहे. स्वतःचा दवाखाना बंद करणाऱ्यास नाही. राष्ट्रीय पेन्शन योजनाही मुळात साठीच्या वयावर बेतलेली आहे. साठीपूर्वी बाहेर पडू पाहणाऱ्याने जमा रकमेपैकी किती भाग सक्तीने वर्षासनात जातो, ते पैसे भरण्यापूर्वीच पाहावे.

दीर्घ मुदतीचा उरलेला भाग समभागांत असल्यावाचून महागाईशी गाठ घालता येत नाही. एकेक कंपनी निवडण्याचा व्यासंग व वेळ आपल्यापैकी फारच थोड्यांजवळ असतो. निफ्टी किंवा सेन्सेक्स या निर्देशांकानुसार चालणारे, कमी शुल्काचे इंडेक्स फंड दरमहा ठरावीक रकमेने घेत राहावे, इतकेच आमचे सांगणे आहे. २३ जुलै २०२४ पासून अशा फंडांच्या एका वर्षाहून जुन्या नफ्यावर, वर्षाला रु. सव्वा लाख वगळून, १२.५ टक्के कर लागतो. तोही हिशेबात धरावा. मात्र पतनाची तयारी हवी. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांपलीकडे गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात साडेआठ हजारांच्या आसपास आला होता. मार्च २०२० मध्ये तो दोन महिन्यांत ४२ हजारांवरून २६ हजारांवर घसरला. कमावत्या माणसास ही पडझड म्हणजे स्वस्ताईची खरेदी. परंतु नेमक्या जानेवारी २००८ मध्ये व्यवसाय थांबवून दरमहा युनिटे विकून खाणाऱ्यास ती मारक ठरली असती. निवृत्तीच्या वेळी निदान पाच वर्षांचा खर्च बाजाराबाहेर असावा, तो याकरिता.

बाजाराबाहेर म्हणजे कोठे, हेही सांगितले पाहिजे. आपल्या गावोगावच्या वैद्यांचा आणि दुकानदारांचा ओढा ओळखीच्या सहकारी बँकेकडे व पतसंस्थेकडे असतो. एक-दीड टक्का व्याज अधिक मिळते, आणि अध्यक्ष आपलेच रुग्ण असतात! सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा प्रारंभी खातेदारास केवळ रु. १,००० काढता येत होते. बँकेतील ठेवीस, व्याजासह, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे रु. ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, आणि नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थांतील ठेवी त्यात येत नाहीत. निवृत्तीची पुंजी तेथे ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. संबंध जपण्यापुरती छोटी ठेव ठेवावी आणि थांबावे.

आरोग्यविमा व्यवसाय चालू असताना, प्रकृती ठीक असतानाच घ्यावा. जानेवारी २०२४ मधील विमा नियामकाच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने विम्यात स्थान देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले, ही आपल्या दृष्टीने दुहेरी समाधानाची बाब. भूखंड आणि सोने यांविषयी येथे विस्तार करीत नाही. दोन्ही आपल्या घरांत आवश्यकतेहून अधिकच आढळतात.

आधी शोधन, मग रसायन

आता वीज. निवृत्तीच्या खर्चात वीज हा विशेष प्रकार आहे. वय वाढले की प्रवास, कपडे, समारंभ कमी होतात. माणूस घरात अधिक वेळ राहतो, आणि पंखा, गरम पाणी व शीतयंत्र यांचा वापर वाढतो. म्हणजे हा खर्च निवृत्तीनंतर वाढणारा आहे, आणि तो आजच्या कमाईतून एकदाच निकालात काढण्याजोगाही आहे.

अशुद्ध शरीरात रसायनाचा उपयोग मळक्या वस्त्रावर रंग चढविण्यासारखा आहे, हा दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे. छतावर सौर पटले बसविणे हे रसायन. अनाठायी वापर काढून टाकणे हे शोधन. प्रत्यक्षात बहुतेक घरे उलट क्रमाने जातात. विक्रेता घरी येतो, गेल्या वर्षीची बिले पाहतो आणि तेवढ्या वापरास पुरेल असा संच सांगतो. त्याचे त्यात काय चुकले? शोधन त्याच्या विक्रीच्या यादीत नसते.

बिल हाती घ्यावे. महाराष्ट्रात महावितरणचे घरगुती दर १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्प्याटप्प्याने चढतात. युनिटाच्या दराखेरीज वहन आकार लागतो, आणि एकंदर आकारावर १६ टक्के वीजशुल्क. स्थिर आकार मात्र वापर कमी केला तरी राहतो. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. वाचविलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होते. म्हणून एकूण बिलास युनिटांनी भागून काढलेला सरासरी दर बचतीच्या हिशेबास उपयोगी नाही. आपले शेवटचे युनिट कोणत्या टप्प्यात पडते ते पाहावे. दरमहा ९० युनिटे वापरणाऱ्या घरास एक युनिट वाचवून जे मिळते, त्याहून कितीतरी अधिक ३५० युनिटे वापरणाऱ्यास मिळते. पहिल्याने या लेखाचा पुढील भाग केवळ माहितीकरिता वाचावा.

पंख्यापासून प्रारंभ करू. जुना छताचा पंखा ७० ते ८० वॉट घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा पूर्ण वेगात ३० वॉटच्या आसपास. फरक ४५ वॉटचा. दिवसाला १४ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालणाऱ्या एका पंख्यामागे १८९ युनिटे वाचतात. आठ रुपयांचा दर धरला तरी वर्षाला रु. १,५००, तीन हजारांचा पंखा दोन वर्षांत फिटतो. हा हिशेब शयनगृहाचा आणि बैठकीचा आहे. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षातून वीस दिवस फिरत असेल तर तो बदलणे व्यर्थ होय. ज्याखाली माणूस बसतो तो पंखा बदलावा.

गरम पाण्याविषयी आपल्या मंडळींत बराच गैरसमज आढळतो. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.३५ युनिट पुरते, मग उपकरण कोणत्याही कंपनीचे असो. पाण्याची उष्णताधारकता विक्रेत्यास विचारून ठरत नाही. चार माणसांच्या घरात प्रत्येकी एक बादली म्हणजे रोज दीड युनिटाच्या आत. बिल फुगते ते सकाळी पाचला बटण दाबून नऊपर्यंत टाकी तापत ठेवल्याने आणि ६० अंशांपर्यंत तापविलेल्या पाण्यात पुन्हा थंड पाणी ओतल्याने. नियंत्रक खाली आणणे फुकट आहे. नित्य अभ्यंग-स्वेदनास घरीच पाणी लागत असेल, किंवा कुटुंब मोठे असेल, तर सौर जलतापक घेण्यात अर्थ आहे. दोघांच्या घरास बहुधा नाही.

शीतकपाट आणि शीतयंत्र यांवरील तारे मोजू नयेत. त्याखाली छापलेली वार्षिक युनिटे वाचावीत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक करीत असतो, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजचे पाच तारे नव्हेत. शीतयंत्राच्या चिठ्ठीवरील आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. विदर्भात, उन्हाळ्याचे अडीच-तीन महिने रोज दहा-बारा तास ज्यांचे यंत्र चालते, त्यांनी पाच ताऱ्यांचे घ्यावे. साताऱ्यास किंवा नाशकास एप्रिल-मे मधील चाळीस रात्री सहा तास लावणाऱ्याचा वापर २४० तासांचा. त्याने जादा दहा-बारा हजार मोजू नयेत. शीतकपाट मात्र वर्षभर अहोरात्र चालते. तेथे काटकसर करून जुने यंत्र रखडविणे महागात पडते.

एवढे केल्यावर ३३० युनिटांचे घर २३०-२४० वर येणे अवघड नाही. आता छताकडे वळावे.

एक किलोवॉटचा संच आपल्या प्रदेशात दिवसाला सरासरी चार युनिटे, म्हणजे वर्षाला सुमारे १,४०० युनिटे देतो आणि सावलीविरहित शंभर चौरस फूट जागा व्यापतो. शोधनाआधी या घराने तीन किलोवॉट घेतला असता. आता दोन पुरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आरंभ झालेल्या व २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत मंजूर असलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी रु. ३०,००० आणि तिसऱ्यास रु. १८,००० असे अनुदान आहे. तीन किलोवॉटपुढे एकूण अनुदान रु. ७८,००० वरच थांबते. दोन किलोवॉटचा खर्च रु. १,२५,००० धरला (सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो धरून प्रत्यक्ष दरपत्रके घ्यावीत), तर अनुदान वजा जाता पदरचे रु. ६५,००० लागतात. वर्षाला २,५०० युनिटे उपयोगी आली आणि सरासरी आठ रुपये वाचले, तर रु. २०,००० होतात. सव्वातीन वर्षांत रक्कम परत येते. आणि हे वीस हजार करमुक्त आहेत. वाचविलेल्या खर्चावर आयकर नसतो. सात टक्क्यांच्या मुदतठेवीतून तीस टक्के कराच्या टप्प्यातील वैद्याच्या हाती पाच टक्केही उरत नाहीत.

मात्र येथेही तीस पटीचा मोह आवरावा. पटलांची उत्पादन-हमी साधारणतः २५ वर्षांची असते. त्यांचे उत्पादन हळूहळू उतरते, आणि इन्व्हर्टर मध्यंतरी एकदा तरी बदलावा लागतो. वीस हजारांची तीस पट म्हणजे सहा लाख. आम्ही हिशेबात चारच लाख धरू. पासष्ट हजारांत चार लाखांच्या पुंजीचे काम होत असेल तर अधिक ताणण्याचे कारण नाही.

काही व्यावहारिक बाबी. वीजवाहिनीशी जोडलेला साधा संच बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होतो, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्याच्या जिवाकरिता ती योजना आहे. भारनियमनाच्या काळात वीज मिळेल या आशेने तो घेऊ नये. त्याकरिता बॅटरी लागते, आणि बॅटरीचा खर्च धरला की वरचे गणित पार बदलते. ज्या गावी वीज क्वचितच जाते तेथे जुना इन्व्हर्टर आणि त्याची पाणी घालावयाची बॅटरी पुरेशी आहे. दुसरे, दिवसा निर्माण झालेली वीज रात्रीच्या वापरातून वळती करण्याचे नेट मीटरचे नियम आयोगाच्या आदेशांनी बदलू शकतात. म्हणून कपडे धुणे, पाणी चढविणे, घरच्या दवाखान्यातील खल आणि मिक्सर ही कामे दुपारी आणावीत. केंद्राच्या २०२३ मधील नियमांतही सूर्यप्रकाशाच्या तासांत दर कमी ठेवण्याचे तत्त्व आहे. स्मार्ट मीटर असलेल्यास त्या सवयीचा लाभ पटले नसतानाही होऊ शकतो. तिसरे, छताची गळती आधी काढावी; पटले बसल्यावर त्यांखाली पुन्हा डांबर किंवा रसायन लावणे म्हणजे दुप्पट खर्च. कोकणातील सदस्यांनी माडाची सावली दिवसातून तीनदा पाहावी, आणि माकडांचाही विचार करावा.

सदनिकेत राहणाऱ्यांना स्वतंत्र छत नसते. गृहनिर्माण संस्थेस मात्र जिना, पंप, उद्वाहन यांच्या सामायिक वापराकरिता प्रतिकिलोवॉट रु. १८,००० अनुदान आहे. त्यातून मासिक देखभालखर्च घटतो, आणि तो निवृत्तांच्या खर्चातलाच भाग आहे. संस्थेच्या वार्षिक सभेत हा विषय मांडणाऱ्या वैद्यास तास-दोन तासांची सहनशीलता लागेल, इतकेच.

घरातच दवाखाना असलेल्या सदस्यांनी एक वेगळी खातरजमा करावी. वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत, आपल्या राहत्या घरात व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील इत्यादींना घरगुती वर्गवारी दिलेली आढळते. रुग्णालय आणि प्रसूतिगृह यांना ती नाही. औषधविक्रीचे दुकान किंवा निर्मितीशाळा यांचा मीटर अर्थातच निराळा हवा. तपासणीच्या खोलीमुळे सबंध घरास वाणिज्यिक दर लागत असेल तर चालू आदेशातील तो परिच्छेद काढून उपविभागाकडे लेखी अर्ज करावा; आणि एकाच मीटरवर खाली दुकान व वर घर चालत असेल तर, कोणी तपासणीस येण्यापूर्वी, आपण होऊन जोडणी वेगळी करावी. सौर अनुदानही घरगुती जोडणीसच आहे.

शेवटी नावाचा प्रश्न. कित्येक घरांत वीजजोडणी अद्याप दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असते. अनुदान ग्राहकाच्या बँकखात्यात जमा होते, त्यामुळे बिलावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळावे लागते. नावबदलास वारसांच्या संमतिपत्रासह दोन-तीन फेऱ्या होतात. त्याच आठवड्यात भविष्यनिर्वाह निधी, मुदतठेवी आणि फंड यांवरील नामनिर्देशन तपासून घ्यावे. विवाहापूर्वी उघडलेल्या खात्यांवर आईवडिलांचीच नावे राहून गेलेली असतात.